मापवालीने लिहिले

आमच्या काचेच्या कारखान्यात ईमेलचा पत्ता एकच. माप घेणारी मी, काच कापणारे काका, मॅनेजर आणि साहेब, सगळे आपापल्या टेबलावरून त्याच पत्त्याने लिहितो. मेलला उत्तर दिलं की आधीचा मजकूर खाली येतो आणि तो कोणी लिहिला हे सांगणारी एक ओळ त्याच्या डोक्यावर बसते. साहेबांनी ती ओळ सगळ्यांना सारखीच करून घेतली होती: ‘आम्ही लिहिले’. गिऱ्हाइकाला आपल्यातली भांडणं कशाला दिसायला हवीत, म्हणे. आपण सगळे एक. एक कसले डोंबलाचे.

मॅनेजर हे साहेबांचे मेहुणे. अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणतो. पंखा माझ्या टेबलाशी आहे, त्यामुळे मी माप घ्यायला बाहेर पडले की मामा माझ्याच खुर्चीत ठाण मांडतात.

गेल्या महिन्यात एका जिन्याच्या काचा होत्या. मी लिहिलं की भिंत सरळ नाही, मी पुन्हा माप घेईपर्यंत कापू नका. त्याला उत्तर म्हणून मामांनी माझ्याच टेबलावरून लिहिलं, ‘माप घेतलंय. कापा.’ काकांनी कापल्या. शेवटची काच दोन बोटं कमी पडली. आखूड काच काही ओढून लांब होत नाही, ती गेलीच. साहेबांनी काकांचं उत्तर उघडलं, तर खालच्या दोन्ही मजकुरांवर ‘आम्ही लिहिले’. आता ‘माप घेतलंय’ असं कोण म्हणणार? माप घेणारीच ना. मामा कानांवर हात ठेवून मोकळे झाले. माझं सांगून सांगून तोंड दुखलं. साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर टेप खाली ठेवायचा आणि पॅकिंगला बसायचं.

मला या कारखान्यातलं माप घेणं सोडून दुसरं काहीही आवडत नाही. म्हणून मी त्या ओळीच्या हात धुऊन मागे लागले. जेवणाच्या सुट्टीत ती बदलायची जागा शोधली. सहीत नाही, अक्षरांच्या आकारात नाही, एका खिडकीतून दुसरी उघडत फिरून मी पहिल्याच जागी यायची. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस आज येतो, उद्या येतो करत शेवटी उगवला आणि चहा संपायच्या आत काम उरकून गेला. आता मेल ज्या टेबलावरून निघेल त्या टेबलाचं नाव येणार होतं. साहेबांनी परवानगी दिली तीही उपकार केल्यासारखी. नावाची एवढी हौस आहे तर घे, म्हणाले.

मला वाटलं, सुटले.

परवा एका दुकानाच्या दर्शनी काचेचं माप घ्यायला गेले होते. चौकट वाकडी निघाली. मी अजून खालची बाजू मोजतच होते, तेवढ्यात काकांचा फोन आला की गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापाने काच कापून तयार आहे, घेऊन येऊ का.

"कोणी सांगितलं कापायला?"

"तूच की. वर नाव आहे तुझं."

मी धापा टाकत परत आले. साहेबांच्या समोर काकांचं उत्तर उघडं होतं आणि त्याच्या खाली स्वच्छ अक्षरांत: ‘मापवालीने लिहिले: माप घेतलंय. कापा.’ मामा आपल्या जागेवर चष्मा पुसत बसले होते. निघताना मी बंद केलेला पंखा माझ्या रिकाम्या खुर्चीवर जोरात फिरत होता.

"मी इथे नव्हतेच, साहेब."

"नाव तूच मागून घेतलंस ना?" साहेबांनी टेपसाठी हात पुढे केला.

रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं याचाही राग आला. कमरेचा टेप काढला. साहेबांच्या हातावर नाही, मामांच्या टेबलावर ठेवला.

"माप यांनी घेतलंय. टेप यांच्याकडेच राहू दे."

मामांनी टेपला हात लावला नाही. मी माझ्या टेबलाशी गेले, पंखा बंद केला आणि पॅकिंगकडे निघाले. मागून साहेब विचारत होते, पंखा कोणी लावला होता.