माफीचा तिसरा टेक

दवाखान्यात रोज परक्यांच्या ओकाऱ्या पुसणाऱ्या ताईला किळस कशाची वाटायची नाही. ती वाटली सख्ख्या भावाच्या घरी.

भाऊ रॅप गाणारा. लहानपणी काडीसारखा बारीक, म्हणून गल्लीतली पोरं त्याला खिळा म्हणायची. तेच नाव पुढे पोस्टरवर आलं. पहिली दोन गाणी कुत्र्यानंही ऐकली नाहीत. तिसऱ्यात त्यानं बापाला घेतलं. दारू पिऊन पट्ट्यानं फोडून काढणारा बाप आणि कोपऱ्यात थरथरणारं पोर. गाणं असं गाजलं की शेंबडी पोरंसुद्धा ते म्हणायला लागली.

सगळं धादांत खोटं. बाबा शिंपी. दारूला कधी शिवले नाहीत, आणि पोराला हात लावला तो माप घेण्यापुरता. पण गाण्यापुढे खऱ्याला कोण विचारतो? बायका गणवेश दुसरीकडे शिवायला टाकू लागल्या. कुणीतरी दुकानाच्या दारावर थुंकून गेलं. बाबांनी ओल्या फडक्यानं दार पुसलं. म्हणाले, "त्याचं पोट आहे त्यावर. चालायचंच."

पुढे खिळा नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला. एका कार्यक्रमात ओळी विसरला, दुसऱ्यात समोरच्या प्रेक्षकाच्या डोक्यात माईक घातला. कार्यक्रम रद्द व्हायला लागले, तसा मॅनेजरचा ताईला फोन आला.

"वडिलांना घेऊन या. बापलेकांची भेट शूट करू. त्यांनी फक्त माफी मागायची."

"कशाची?"

"मारल्याची."

ताई फोन आपटणार, तोवर शेजारी उभं राहून ऐकणाऱ्या बाबांनी इस्त्रीचा सदरा अंगात चढवलाही होता.

खिळ्याच्या घरात सोफ्यावर सुकलेली ओकारी होती आणि तिच्यावर अत्तर मारलेलं. चारपाच हुजरे लोळत होते. खिळा बनियनवर बसला होता. त्यानं बापाच्या पायांना हात लावला तोही कॅमेरा सुरू झाल्यावर.

"पोरा, चुकलं माझं. तुला मारायला नको होतं," बाबा म्हणाले.

"फर्स्टक्लास!" मॅनेजर म्हणाला. "आवाज जरा कापू द्या, काका. परत."

बाबांनी परत म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज खरोखर कापला. खिळा गळ्यात पडून ढसाढसा रडला आणि कॅमेरा थांबताच नाक पुसून म्हणाला, "दाखव, दाखव. कसा दिसतोय मी?"

ताईनं त्याचं बखोट धरलं. "यांनी कधी मारलं रे तुला?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "मारलं की. ताई, मला सगळं आठवतंय. पट्ट्याचं बक्कलसुद्धा."

तो थापा मारत नव्हता. तेच बघून तिला किळस आली आणि तिनं त्याचं बखोट सोडलं.

परतताना ती बाबांवरच उखडली. "तुम्ही कशाला शेण खाल्लंत?"

"बुडत होता तो."

"आणि आम्ही? आज आई असती तर तिला काय वाटलं असतं?"

बाबा सदऱ्याची बाही सारखी करू लागले. त्यांच्या त्या गरीब चेहऱ्याचीही तिला शिसारी आली, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचीही.

तो व्हिडिओ पाहून लोक ढसाढसा रडले. खिळ्याचे कार्यक्रम पुन्हा हाऊसफुल्ल झाले. गोळ्या सुटल्या नव्हत्या, पण आता त्याही 'बापाच्या जखमेमुळे' होत्या. दुकानात गिऱ्हाईक परतलं. ज्या बायका तोंड फिरवायच्या त्याच आता म्हणायच्या, "सुधारलात हो, काका!"

एका दुपारी ताई डबा घेऊन दुकानात गेली, तर एक बाई नवऱ्याला दंडाला धरून उभी. बाईचा ओठ फुटलेला, नवऱ्याच्या तोंडाला भपकारा.

"काका, तुमचा व्हिडिओ बघितला," बाई म्हणाली. "दारू कशी सोडलीत, हात कसा आवरलात, ते ह्यांना सांगा."

बाबांनी एकदा ताईकडे पाहिलं. मग मशीन थांबवलं, त्या माणसाला स्टूल दिलं आणि सांगू लागले, "पहिला आठवडा फार जड जातो बघा..."

ताईनं डबा तिथंच ठेवला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकली. आतून बाबांचा आवाज येत होता. शांत, न अडखळणारा, जन्मभर प्यायलेल्या माणसाचा.