हात पोचेल तिथपर्यंत

मी बोलतेय ती दाराच्या मागून. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये तुम्ही आलात तर आधी टेबल दिसेल, मग कारकून, मग छताला भिडलेल्या लोखंडी मांडण्या आणि त्यांवर दोरीने बांधलेले कागदांचे गठ्ठे. दार पूर्ण उघडलंत की ते मागे कशावर तरी आपटतं. ती मी, या खोलीची लाकडी शिडी.

माझा जन्म याच इमारतीच्या मागच्या अंगणात झाला. मांडण्या येऊन बसल्या आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की वरच्या फळीला कुणाचाच हात लागत नाही. मांडण्या परत पाठवायची सोय नव्हती, म्हणून सुताराला बोलावलं. खिडक्यांच्या चौकटींतून उरलेल्या लाकडातून त्याने मला घडवलं. माणूस बोलका होता. ही शिडी तुम्हा सगळ्यांच्या नोकऱ्यांपेक्षा जास्त टिकेल, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता. त्याचं म्हणणं एका पायरीपुरतं खोटं ठरलं, पण ते पुढे येईल.

पहिले कारकून म्हणजे टापटिपीचा अर्क. रुमालाची घडीसुद्धा मोडली तर चालायची नाही. या खोलीत फौजदारी खटल्यांचे कागद राहणार होते, आणि ते कसे लावायचे हे त्यांनीच ठरवलं. ज्यांना शिक्षा झाली त्यांचे गठ्ठे खालच्या फळ्यांवर, हाताशी. कारण ते सारखे लागतात. अपील होतं, तुरुंगातून विचारणा होते, पोलीस मागतात. जे निर्दोष सुटले त्यांचे गठ्ठे अगदी वरच्या फळीवर. त्यांना कोण विचारतंय? सुटलेला माणूस निकालाची नक्कल घ्यायलासुद्धा थांबत नाही. वकिलाचा हात धरतो, दोनदा मान हलवतो आणि जिना उतरून चालायला लागतो. कारकुनांचा हिशेब व्यवहाराचा होता आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट वरच्या फळीमुळेच मला काम होतं.

हे कागद कुणीही मागून पाहू शकतो, अशी पाटी बाहेर लावलेली आहे. तरीही लोक इथे आले की कुजबुजतात. कारकून विचारतो खटल्याचा नंबर आणि निकालाचं साल. लोक सांगतात, नदीवरचा पूल खचला त्या वर्षी, किंवा आमची थोरली तेव्हा रांगत होती. मग कारकून कपाळाला हात लावतो आणि शोधाशोध सुरू होते. स्वतःसाठी येणारे थोडेच. बहुतेक जण दुसऱ्याची चौकशी करायला येतात. घरमालक भाडेकरूचं नाव घेऊन येतो, ठेकेदार मुकादमाचं. एकदा एक बाई होणाऱ्या जावयाचं नाव घेऊन आली होती. खालच्या फळ्यांवर काहीच सापडलं नाही, तेव्हा ती जरा खट्टूच झाली.

पहिले कारकून निवृत्त झाले आणि आत्ताचा कारकून आला. अंगाने भरलेला, मनाने मोकळा, चहाबरोबर चार विनोद सांगितल्याशिवाय फाइल न उघडणारा. माझ्यावर तो पहिल्यापासूनच जपून चढायचा. एके दिवशी तो वरचा गठ्ठा ओढत होता आणि माझी वरून दुसरी पायरी कटकन मोडली. खाली शिक्षा झालेल्यांचे गठ्ठे उतरवून ठेवले होते, त्यांवर तो पडला म्हणून हाडं शाबूत राहिली. पाठ मात्र कायमची धरली. त्याने नव्या शिडीसाठी अर्ज केला. वरून विचारणा आली की जुनी कशी मोडली. त्याने ते कळवलं. मग दुसरी विचारणा आली की चढणाऱ्याचं वजन किती. याचा त्याला इतका राग आला की पत्रव्यवहार तिथेच थांबला.

त्या दिवसापासून मी दारामागे आहे. माझ्या खालच्या पायरीवर डब्याची पिशवी लटकते, मधल्या पायरीवर छत्री. शोधायचं काम स्टुलावर उभं राहून होऊ लागलं. स्टुलावरून जिथपर्यंत हात पोचतो तिथपर्यंत कारकून मनापासून शोधायचा, घामाघूम व्हायचा, आणि मग अर्जावर शेरा मारायचा: ‘शोध घेतला, आढळले नाही.’ खाली सही आणि शिक्का. तो खोटं लिहीत होता असं मी म्हणणार नाही. वर काय आहे ते त्याला ठाऊक होतं, पण पाठीत कळ आली की माणूस ठाऊक असलेलंसुद्धा सोयीने विसरतो.

अशातच कुलुपवाल्याची मुलगी आली.

बाजाराच्या कोपऱ्यावर तिच्या वडिलांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. वडील थकले, हात कापू लागले, म्हणून दुकान मुलीच्या नावावर करायचं होतं. आता कुलुपाच्या धंद्याला परवाना द्यायचा म्हणजे घरातल्यांची जुनी चौकशी होते. पोलिसांच्या यादीत वडिलांच्या नावापुढे चोरीचा खटला निघाला. खटल्याचा नंबर होता, साल होतं, पण निकालाचा रकाना कोरा होता. परवाना कचेरीने सांगितलं की निकाल आणा, नाहीतर दुकान बंद करा. वडील सुटले होते हे सगळं गाव सांगत होतं, पण गावाच्या सांगण्यावर शिक्का नसतो. आणि गाव ‘सुटला’ हा शब्द कसा उच्चारतं, ते तिने लहानपणापासून ऐकलं होतं.

कारकुनाने तिला खुर्ची दिली, विनोद सांगितला, स्टूल ओढलं आणि शोध घेतला. त्या वर्षाची नोंदवही गळक्या छपराखाली भिजून लगदा झाली होती, तेव्हा गठ्ठे चाळण्यावाचून इलाज नव्हता. हात पोचेल तिथपर्यंत त्याने चाळले आणि नेहमीचा शेरा मारून अर्ज तिच्या हातात ठेवला. तिने तो वाचला, घडी घातली आणि निघून गेली. मला वाटलं, संपलं. इथून गेलेली माणसं सहसा परत येत नाहीत.

ती परत आली, आणि या वेळी वडिलांना घेऊन आली. परवाना कचेरीने म्हणे तो शेरा पाहून निकालाच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असं लिहून टाकलं होतं. कोऱ्या रकान्यापेक्षा ते वाईट होतं. म्हातारा दाराशीच उभा राहिला, आत यायला तयार होईना. या इमारतीत तो त्या एका खटल्यासाठीच आला होता आणि तेवढं त्याला पुरलं होतं.

कारकुनाने पुन्हा तेच सांगितलं, की शोधून झालं आहे, ताई, मी तरी काय करणार. मग मुलीने अगदी साधा प्रश्न विचारला.

"भाऊसाहेब, शोधलंत म्हणजे कुठपर्यंत?"

कारकुनाची नजर आधी स्टुलावर गेली, मग वरच्या फळीवर, आणि मग दाराच्या मागे माझ्यावर. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे शिडी म्हणून बघत होतं. मुलीने त्याच्या नजरेच्या मागोमाग पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तिने आवाज चढवला नाही. उठली, डब्याची पिशवी आणि छत्री टेबलावर ठेवली, मला उचलून मांडणीला लावलं.

"हिची पायरी मोडलीय," कारकून म्हणाला. "मी पडलोय हिच्यावरून."

"मोडलेली सोडून पाय टाका. मी खालून धरते."

बाहेरच्या माणसाला मांडणीला हात लावायची परवानगी नाही, त्यामुळे चढायचं त्यालाच होतं. तो चढला. त्याच्या वजनाने मीही हलायला लागले. मुलगी दोन्ही हातांनी मला घट्ट धरून उभी होती आणि तिचे हात घामाने ओले झाले होते. वरून धूळ पडत होती, ती तिच्या केसांत साचत होती. एकेक गठ्ठा ओढून तो चाळत होता आणि मधूनमधून पाठीला हात लावत होता. शेवटी त्याने एक पातळशी फाइल काखेत मारली आणि खाली उतरला. या वेळी विनोद न सांगताच त्याने ती मुलीच्या हातात दिली.

खोलीत एक टेबल आहे, लोकांना कागद वाचता यावेत म्हणून ठेवलेलं. मुलीने वडिलांना हाताला धरून आत आणलं आणि तिथे बसवलं. वाचण्याआधी तिने फाइलवर नुसताच हात ठेवला. तिला भीती वाटत होती, हे कुणालाही दिसलं असतं. कारकुनाला तिने जे सांगितलं होतं त्यावरून मला त्याचं कारणही कळत होतं. निकालाच्या दिवशी ती लहान होती, आत्याच्या कडेवर बसून कोर्टात आली होती. न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं होतं म्हणे. घरी वडील नेहमी सांगायचे, तुझ्याकडे बघून सोडलं मला. लहानपणी तिला याचा मोठा अभिमान होता. मोठी झाल्यावर तिच्या मनात आलं, की बघून सोडलं म्हणजे सोडण्यासारखं काहीतरी केलं होतं का? हा प्रश्न तिने वडिलांना कधी विचारला नव्हता. आणि ज्या माणसाकडून धंदा शिकलो त्याच्याबद्दल असा प्रश्न मनात बाळगणं सोपं नसतं.

तिने वाचायला सुरुवात केली. धान्याच्या व्यापाऱ्याची तिजोरी न फोडता उघडली गेली होती. न फोडता कोण उघडणार, तर कुलुपवाला, म्हणून त्याला पकडलं होतं. निकाल मात्र वेगळंच सांगत होता. तिजोरीचं कुलूप तपासलं होतं आणि ते मूळ किल्लीनेच उघडलं गेलं होतं. दोन्ही किल्ल्या व्यापाऱ्याच्या घरात होत्या. मुलगी पुढे वाचत गेली.

"‘आरोपीचा या गुन्ह्याशी कोणताही संबंध नाही. त्याला कुलूप उघडता येते, एवढ्याच कारणाने त्याला आरोपी करण्यात आले. ही सुटका संशयाचा फायदा म्हणून नाही.’"

म्हातारा समोरच्या भिंतीकडे बघत होता. त्याने ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. तिने वाचली. मग त्याने विचारलं, "दया नव्हती ती?"

"नाही, बाबा."

"मला वाटायचं, त्यांना दया आली." त्याने कापणारे हात मांडीवर एकमेकांत अडकवले. "सगळं आयुष्य मी कुणीतरी माफ केल्यासारखा वागलो गं. कुणी टाकून बोललं तरी गप्प बसलो. म्हटलं, सोडलंय आपल्याला, जास्त बोलू नये."

मी लाकडाची आहे. माणसांच्या रडण्याकडे मी मांडण्यांइतकंच निर्विकारपणे बघत आले. पण त्या वेळी मला वाईट वाटलं, हे सांगायला हरकत नाही. दोघंही रडत होती, आणि मुलगी रडतारडता वडिलांच्या खांद्यावरची धूळ झटकत होती, जी खरं तर तिच्याच केसांतून पडली होती. कारकून उठला आणि नक्कल करायच्या कागदावर शिक्के मारत बसला. शिक्का उमटलेला असतानाही तो पुन्हापुन्हा दाबत होता.

निघताना म्हातारा दाराशी थांबला. इतर सगळ्यांसारखाच तोही कुजबुजेल असं मला वाटलं होतं. पण तो चांगल्या मोठ्या आवाजात कारकुनाला म्हणाला, "येतो, साहेब. दुकान कोपऱ्यावरच आहे, काही लागलं तर या."

आता माझं काय ते सांगते. मध्यंतरी इथे यंत्रं घेऊन काही माणसं आली आणि कागदांचे फोटो काढून ते कॉम्प्युटरमध्ये भरू लागली. आता लोकांना इथवर यायची गरज नाही, घरबसल्या नाव टाकायचं की झालं. त्यांनी खालच्या फळीपासून सुरुवात केली आणि स्टुलावरून हात पोचेल तिथपर्यंत आली. कारकुनाने वर बोट दाखवलं. ते पुढच्या टप्प्यात, असं सांगून ती गेली. पुढचा टप्पा अजून उगवलेला नाही. त्यामुळे आता शिक्षा झालेला माणूस एका क्षणात सापडतो, आणि सुटलेल्याचं नाव टाकलं की पडद्यावर येतं, आढळले नाही.

मोडीत काढायच्या सामानावर खडूने फुली मारतात. माझ्यावर ती मारली गेली. कारकुनाने रुमालाने पुसली. मग कुणीतरी रंगाने मारली, ती पुसता येत नाही. कारकुनाचीही निवृत्ती जवळ आलीय, आणि त्याच्यामागून येणाऱ्याला वर काय आहे हे कुणी सांगेलच असं नाही.

मला भंगारात द्या, माझी तक्रार नाही. एका पायरीने अधू झालेली लाकडी वस्तू मी, कुणाच्या तरी चुलीला उपयोगी पडेन. पण त्याआधी वरची फळी रिकामी करा. तिथे बरीच माणसं पडून आहेत. त्यांतली कितीतरी खाली गावात मान खाली घालून चालत असतील, आपल्याला कुणीतरी माफ केलंय असं समजून. मोडलेल्या पायरीची काळजी करू नका. एकाने वर चढायचं आणि एकाने खालून धरायचं, एवढं झालं की पुरे.