शंका असल्यास विचारा

ऑस्ट्रेलियातल्या क्रेगीबर्नच्या घरात, जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर मयूरा साठेने एक फाइल उघडली आणि तिचा हात जागीच थांबला.

काम तसं किरकोळ होतं. त्यांच्या सिस्टिममधल्या शेकडो कोडच्या फाइली यंत्रच लिहायचं, आणि कुणीतरी नवखा त्या हाताने दुरुस्त करून घोळ घालायचा. म्हणून प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर सूचना टाकायची होती: ही फाइल आपोआप तयार झाली आहे, हाताने बदलू नका, शंका असल्यास अमक्याला विचारा. अमकी म्हणजे मयूराच. सकाळी तिने ती सूचना सगळ्या फाइलींवर आपोआप टाकणारी स्क्रिप्ट लिहिली, नाव ऑफिसच्या नोंदीतून उचललं. नोंदीत आडनाव आधी असतं, म्हणून शेवटचा शब्द म्हणजे माणसाचं नाव असं ती धरून चालली. इथल्या लोकांना ते लागू पडलं असतं. तिची नोंद मात्र पासपोर्टसारखी होती: साठे मयूरा पद्माकर.

शंका असल्यास विचारा: पद्माकर साठे.

बाबांना मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, पुण्यात कोरोनाने नेलं. विमानं बंद होती. अंत्यविधी तिने फोनवर पाहिले, त्यातही मधेच चित्र गोठलं. ऑफिसला तिने एवढंच कळवलं होतं की घरगुती अडचण आहे.

तिने दुसरी फाइल उघडली. तिसरी. सगळीकडे बाबा. आणि खरंच, शंका आली की आजवर ती त्यांनाच तर विचारायची.

तेवढ्यात कॉलवर निनाद आला. टीममधला पुणेकर, तिच्यासारखाच इथे, स्कोफिल्ड्समधल्या आपल्या घरातून काम करणारा.

"अगं मयूरा, सगळ्या फाइलींवर हा पद्माकर कोण? नावावरून तर पेन्शनीतून उचलून आणल्यासारखा वाटतोय! सांग त्याला, आज दुपारी, आर्वोला, रिलीज आहे, झोपू नको म्हणावं."

मयूराने आणखी एक फाइल उघडली. तिथेही तेच नाव.

"हॅलो? म्यूटवर आहेस का?"

"निनाद, ते माझे बाबा. वारले ते. मे महिन्यात."

हे वाक्य तिने अजून मोठ्याने उच्चारलंच नव्हतं. स्वतःच्याच आवाजात ऐकून ती दचकली.

"सॉरी गं. मी आपलं काहीतरीच बरळलो. तू ऊठ तिथून. मी काढतो ते नाव."

"नको!" ती ओरडलीच. "दुसऱ्या कुणी नाही काढायचं."

स्क्रिप्टमधली नाव उचलणारी ती एक ओळ तिने दुरुस्त केली आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. तिला वाटलं होतं, वेळ लागेल, निदान एकेक फाइल बदलताना दिसेल. पापणी लवायच्या आत सगळीकडे मयूरा साठे झालं.

ती स्क्रीनकडे बघतच राहिली.

"झालं?" निनादने हळूच विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पण इतकं लगेच?"