तिसरं पडणं

पहिल्यांदा आ-श्या पडली ती स्वतःच्याच नाश्त्याच्या दुकानासमोर, त्यामुळे बघायला फक्त गिऱ्हाइकं होती. दुसऱ्यांदा पडली ती पुली गावाच्या भर चौकात, लाल सिग्नलला. सिग्नलवरचे आकडे उलटे सरकत होते, स्कूटरवाले एकेक पाय टेकून निवांत उभे होते, आणि ही बाई मधोमध सायकलवर ताठ, दोन्ही बूट पेडलमध्ये अडकलेले. आधी तिने उजवी टाच वळवायची धडपड केली, मग डोळे मोठे केले, आणि मग हळूहळू डावीकडे कलत सायकलसकट रस्त्यावर आडवी झाली. शेजारच्या स्कूटरवरच्या म्हातारीने वाकून विचारलं, "जिवंत आहेस ना गं?" "हो," आ-श्या आडव्यानेच म्हणाली.

मागून येणारे कुओ काका मात्र हे बघून हरखले. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, आणि त्यांच्या सायकल गटाचे म्होरके. त्यांनी तिचा बूट सोडवला, खरचटलेल्या कोपरावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "दोन झाली. आता एकच राहिलं."

बूट खट्कन अडकवून धरणारे खटक्याचे पेडल लावले की माणूस तीनदा पडतो, यावर तिथल्या सायकलवाल्यांचा देवावर नसेल इतका विश्वास. तीन झाली की पाय शहाणे होतात, टाच आपोआप वळते, आणि पुढे जन्मात कुणी पडत नाही. काका स्वतः तीनदा पडले होते. केशकर्तनालय चालवणारी पेई-लिंग तर एकाच दिवसात तिन्ही उरकून मोकळी झाली होती, आणि ते ती अजून अभिमानाने सांगायची.

आ-श्याचा नवरा मू-शुंग कोबीचा ट्रक चालवायचा. डोंगरावरून कोबी भरायचे आणि खाली पुलीला आणायचे, हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्या संध्याकाळी तिच्या कोपराला औषध लावताना त्याने विचारलं, "किती झाली?"

"दोन."

"तुमचं ते तीनचं खूळ मला ठाऊक आहे. मग ऐक. तिसऱ्यांदा पडलीस की सायकल विकायची. डॉक्टरनी सांगितलंय ना, हाडं ठिसूळ झालीत म्हणून? पडायचं वय आहे का हे?"

"पडायचं म्हणून काही वय असतं का?"

"असतं. दोन वर्षांचं. तुला सत्तावन्न झाली."

आ-श्याला असा राग आला की ती बोलून बसली, "बरं. पडले तर विकून टाक." आणि बोलल्याबरोबर तिने जीभ चावली. कारण वू-लिंगची चढाई दोन आठवड्यांवर आली होती.

पुलीच्या माणसाला वू-लिंग काय हे सांगावं लागत नाही. गाव सोडलं की रस्ता चढायला लागतो तो थेट ढगांच्या वर जाऊनच थांबतो. गेल्या वर्षी आ-श्या साध्या पेडलवर, साध्या बुटांनी निघाली होती. खुन-यांगपर्यंत पोचली, म्हणजे शिखर अगदी डोळ्यांसमोर आलं, आणि तिथे पावसात तिचा पाय पेडलवरून निसटला. पेडलचे दात नडगीत घुसले. त्याच रस्त्याने मू-शुंगचा ट्रक येत होता. त्याने सायकल कोबीवर टाकली, बायकोला शेजारी बसवलं, आणि खाली घेऊन आला. वर्षभर गिऱ्हाइकं विचारत होती, "काय ताई, यंदा कोबी होऊन येणार का माणूस होऊन?" ती हसून सोयाचं दूध ओतायची, आणि आतून नुसती जळायची.

म्हणून तर ती पेडल घ्यायला गेली. दुकानदाराने आधी दोन्ही बाजूंनी बसणारे लहान पेडल दाखवले. "हे घ्या ताई. बूट सुटतो पटकन, चालताही येतं." शेजारी रुंद, एकाच बाजूने बसणारे, शर्यतवाल्यांचे पेडल होते. त्यांचे बूट घातले की फरशीवर बदकासारखं फतक फतक चालावं लागतं. तिने नुसतं बघावं म्हणून बूट घातला, पुढचं टोक पेडलवर टेकवलं आणि दाबलं. खट्. पाय असा बसला की जणू तो सायकलचाच होता, आजवर चुकून तिच्या अंगाला लागला होता. तिने दुसऱ्या पेडलकडे पुन्हा पाहिलंही नाही. काकांनी पेडलची स्प्रिंग सैल करून दिली, गुडघ्यांसाठी बुटाखालची पट्टी जरा हलणारी लावायला सांगितली. पहिल्या दिवशी भातशेतांच्या रस्त्यावर तिने पाय खाली दाबला, मग वर ओढला, आणि वर ओढतानाही सायकल पुढे गेली, तेव्हा ती एकटीच मोठ्याने हसली. आणि मग दुकानासमोर येऊन पडली.

आता प्रश्न असा की तिसरं कधी. डोंगरावर पडली तर मागून बस, ट्रक, आणि वर सायकल विकायची. घरी बसावं तर वर्षभर कोबी. दुकानात पोळीवर अंडं फोडताना तिच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मुद्दामच पडलं तर? मऊ गवतावर, डोंगराच्या आधी, एकदाचं?

"मुद्दाम पडलेलं धरतात का?" तिने दुसऱ्या दिवशी गटाला विचारलं. त्यावर जो वाद पेटला, त्यात सगळ्यांचा चहा गार झाला.

"अजिबात धरत नाहीत," पेई-लिंग म्हणाली. "पाय काय मूर्ख असतात का? त्यांना कळतं नाटक."

"पण धरलं, तर मू-शुंगही धरेल," काका म्हणाले. "मग सायकल गेली."

"त्याला सांगणार कोण?"

"ताई, तुझ्या दुकानात अख्खं पुली जेवतं. तू शिंकलीस तरी त्याला ट्रकमध्ये कळतं."

शेवटी ठरलं की असल्या गोष्टी माणसांनी ठरवायच्या नसतात. सगळे बदकासारखे फतक फतक करत गावाबाहेरच्या भूमिदेवाच्या देवळात गेले. आ-श्याने उदबत्ती लावली, नाव-गाव सांगितलं, पेडल कोणते तेही सांगितलं, आणि मुद्दाम पडलेलं चालेल का म्हणून कौल लावला. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे फरशीवर टाकले. एक उलटा, एक सुलटा पडला असता तर होकार. दोन्ही पाठीवर पडले, सपाट बाजू वर. म्हणजे देव हसला, धड हो नाही की धड नाही नाही.

तिने पुन्हा टाकले. देव पुन्हा हसला. तिसऱ्यांदा तर एक तुकडा घरंगळत काकांच्या बुटापाशी गेला, जरा डुलला, आणि तोही सपाट बाजू वर करून थांबला.

"याला काय अर्थ आहे?" आ-श्या वैतागून म्हणाली.

"देवाला आजवर असला प्रश्न कुणी विचारला नसेल," पेई-लिंग म्हणाली. "आवडलेला दिसतोय."

त्यामुळे तिसरं तसंच शिल्लक ठेवून आ-श्या चढाईला निघाली. पहाटे उठून तिने भाताचे गोळे बांधले. मू-शुंग म्हणाला, आज वर माल भरायचा आहे, मला वेळ नाही. ती म्हणाली, तुला बोलावलंय कुणी.

पण काय दिवस होता तो. वाटेवरच्या वू-शपर्यंत पाय असे फिरले की काकांना तिला दोनदा दटावावं लागलं. छिंग-चिंगच्या भयंकर चढावर, कुरणातल्या मेंढ्या बघायला आलेली सहलीची माणसं मेंढ्या सोडून सायकलवाल्यांनाच बघत उभी राहतात. त्यांच्यासमोरून ती अवघडली नाही, उतरली नाही, पाय दाबत आणि ओढत वर गेली. प्रत्येक वळणावर तिला वाटायचं, आता होईल. कुत्रं आडवं आलं तेव्हा वाटलं. चहात उकडलेली अंडी खायला सगळे थांबले तेव्हा ती शंभर पावलं आधीच उजवी टाच वळवून बसली होती. नाही पडली. त्सुई-फंगच्या पुढे हवा विरळ झाली, छातीत भाता चालू झाला, आणि अंगात मात्र कसला तरी उत्सव. खुन-यांग आलं. गेल्या वर्षी रक्त पुसायला ती जिथे बसली होती तो कठडा डाव्या हाताला गेला आणि तिने त्याच्याकडे मानही वळवली नाही.

"शेवटचा चढ," काका मागून धापा टाकत म्हणाले. "इथे बूट सोडवायचा नाही. एका पायाने हा चढ होत नाही, जागच्या जागी थांबशील. थेट शिखरावरच्या दगडापर्यंत अडकूनच जा."

"आणि दगडापाशी?"

"तिथलं तिथे बघू."

ती गेली. चढ नाकासमोर उभा होता, पाय बोलायचे बंद झाले होते, फक्त खालच्या पट्ट्या पेडलला घट्ट धरून होत्या, आणि त्यांच्या जोरावर ती इंच इंच सरकत होती. मग चढ संपला. शिखराचा दगड, त्याच्याभोवती फोटोवाल्यांची झुंबड, खाली सगळा ढगांचा समुद्र. आले. मी आले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि त्याच क्षणी एक गाडी तिच्या पुढ्यात मागे सरकू लागली.

तिने ब्रेक दाबले. उजवी टाच वळवली. थकलेली टाच वळली, पण पुरती नाही. सायकल थांबली, तोल गेला, आणि आ-श्या डावीकडे कलली, अगदी तशीच, हळूहळू. तिला आधी डांबर दिसलं आणि मग सायकल विकलेली दिसली.

पण डांबर आलंच नाही. कोबी उचलायचे जाड हातमोजे घातलेले दोन हात तिच्या काखेत आले, आणि एक ओळखीची छाती तिच्या डाव्या खांद्याला टेकली. मू-शुंगने तिला सायकलसकट तोलून धरलं होतं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बूट सोडव," तो दात आवळून म्हणाला. "तू काही हलकी नाहीस."

खट्. एक सुटला. खट्. दुसरा. ती जमिनीवर उभी राहिली. दगडाच्या पायथ्याशी आल्याच्या चहाचा थर्मास ठेवलेला तिला दिसला.

"माल भरायचा होता ना तुला?"

"भरेल कुणीतरी."

"आणि बरोबर डावीकडे कसा उभा राहिलास?"

"दोन्ही वेळा तशीच पडलीस. टाच उजवी सोडवतेस आणि कलतेस डावीकडे. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

तोवर काका आणि पेई-लिंग येऊन पोचले. काकांनी सगळं बघितलं होतं, आणि नियम म्हणजे नियम. ते धापा टाकतच म्हणाले, "हे धरायचं का? तिसरं?"

सगळे मू-शुंगकडे बघायला लागले. त्याने हातमोजे काढले, थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला आणि बायकोच्या हातात दिला.

"जमिनीला लागली का ती?"

"नाही."

"मग कसलं धरता? तिसरं बाकीच आहे."

आ-श्याने चहाचा घोट घेतला. जीभ भाजली तरी तिला कळलं नाही. "अरे, पण बाकी राहिलं तर मी कधीतरी पडणारच ना," ती म्हणाली.

"राहू दे बाकी," मू-शुंग म्हणाला. "बाकी आहे तोवर सायकल घरात आहे."

मग त्याने सायकल उचलून दगडाला टेकवली आणि फोटोसाठी रांगेत उभा राहिला, तिच्या डाव्या बाजूला.