भीमाप्पांच्या विहिरीवरचा डबा

मी एक जुना, गंजका पत्र्याचा डबा आहे आणि माझ्या पोटात हवेशिवाय काही नाही. पण हसू नका, मित्रांनो! शिरोळच्या आमच्या गल्लीतली पोरं माझ्या जिवावर पोहायला शिकली.

शाहूपुरीतल्या दुकानातून मी करडीचं तेल घेऊन भीमाप्पांच्या घरी आलो. तेल संपल्यावर भीमाप्पांनी माझं तोंड डाग देऊन घट्ट बंद केलं, दोरी बांधली आणि मळ्यातल्या विहिरीवर नेलं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मला पोराच्या पाठीला बांधायचं आणि पोराला खुशाल आत ढकलायचं. पोर बोंबलायचं, हाताला लागेल ते घट्ट धरायचं, पाय झाडायचं, पण बुडेल कसं? मी होतो ना! भीमाप्पा काठावरून ओरडायचे, "हातातलं सोड, पाय मार! डबा हाय तवर भ्या न्हाय!" माझी पत्र्याची छाती फुगायची.

पण बांधली जायची ती सगळी पोरंच. पोरगी एकही नाही. हे कुणाला खटकतही नव्हतं.

दसऱ्याआधी घरोघरच्या वाकळा, म्हणजे जाडजूड गोधड्या, नदीला धुवायला जातात. ते काम बायकांचं आणि पोरींचं. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या केरबाची पोरगी क्रांती घाटावर वाकळ खळबळत होती. भिजलेली वाकळ म्हणजे नुसता धोंडा. पाण्यानं वाकळ ओढली, वाकळेनं क्रांतीला. ती परत आली नाही.

"नशीब पोरीचं," गल्ली म्हणाली. भीमाप्पांची बायको दानम्मा मात्र भडकली. तिनं मला खुंटीवरून ओढलं आणि नवऱ्यापुढं आदळलं.

"औंदा आपल्या नातीला शिकवा. शिवलीलाला."

"खुळी का काय तू? पोरीची जात इहिरीत उड्या मारणार व्हय? लोक काय म्हणतील?"

"धुणं घिऊन पान्यावर जायाचं पोरींनी, आन पवाय शिकायचं पोरांनी! ह्यो कुठला न्याय? क्रांतीच्या पाठीला ह्यो डबा लागला असता, तर आज शाळंत असती की पोरगी!"

भीमाप्पांनी मला उचललं आणि माझी दोरी ओढून बघितली. उन्हाळ्यात शिवलीला मला बांधून विहिरीत उतरली. बांधावर बघे जमले, तर दानम्मानं त्यांना हाकललं. सुट्टी संपेस्तोवर पोरगी माझ्याशिवाय पोहू लागली.

पुढं काही वर्षांनी, दसरा तोंडावर आला असताना, गल्लीत आरडाओरडा झाला. "शिवलीला नदीत पडली!" दानम्मा अनवाणी धावली. मी खुंटीवर लटकलेला, काय करणार? जीव नुसता तळमळत होता.

थोड्या वेळानं दारात ओली पावलं उमटली. शिवलीला! आजीचा हात धरून थरथरत होती, रडत होती.

"अव्वा, वाकळ गेली. हातातलं सोडलं आन पवत आले. नवी हुती गं वाकळ!"

दानम्मानं ओल्या नातीला घट्ट धरलं. "जाऊ दे माझे बाय. वाकळ काय, परत शिवता येती."

मित्रांनो, आता माझ्या बुडाला भोक पडलंय. मला कुणाच्या पाठीला बांधू नका. नवा डबा घ्या, गळत नाही ना ते बघा, काठावर पोहता येणारं मोठं माणूस बसवा. आणि शिकवायला निघाल तेव्हा गल्लीतल्या पोरींनाही हाका मारा. क्रांतीला कुणी हाक मारली नव्हती.