चौथी काच

घटस्फोट होऊन वर्ष उलटलं होतं, तेव्हा एका सकाळी तिला सासऱ्यांचा फोन आला. माजी सासरे म्हणायला तिची जीभ अजून वळत नव्हती. तिला वाटलं, तब्येतीचं काही असेल. पण त्यांनी आढेवेढे न घेता विचारलं, रविवारी मोकळी आहेस का? त्यांना जुनी गाडी पुन्हा चालती करायची होती आणि तिची एकही काच खाली येत नव्हती. मुलगा परदेशात होता. मेकॅनिक म्हणाला होता की जोर लावला तर काच फुटेल, आणि तसल्या काचा आता कुठे मिळत नाहीत.

"तुझ्या हातात जोर आहे," ते म्हणाले, "आणि तो कुठे लावायचा नाही हेही तुला कळतं."

ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवायची. ती लगेच हो म्हणाली, कारण तिलाही त्यांना काही सांगायचं होतं आणि आज-उद्या करत ते राहून गेलं होतं. ती पुन्हा लग्न करणार होती. दुसऱ्या कुणाकडून त्यांच्या कानावर जायच्या आत तिनेच सांगायला हवं होतं.

रविवारी ती पोहोचली तेव्हा शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री काढलेली होती. गाडी फिकट हिरवी, गोल पाठीची, टायर खाली बसलेले. सासूबाई गेल्यापासून ती जागची हलली नव्हती. दार उघडताच कोंडलेला कुबट वास अंगावर आला. सासऱ्यांनी उभा जन्म चष्म्याचं दुकान चालवलं होतं. आताही पांढऱ्या फडक्यावर हत्यारं ओळीने मांडून ठेवली होती. फक्त हात कापायला लागले होते, म्हणून ते दोन्ही हात खिशात घालून उभे होते.

ते सांगत गेले, ती करत गेली. काच वर-खाली करायच्या हँडलमागची बारीक पिन काढून तिने दाराचं आतलं आवरण सोडवलं. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. ते रॉकेलने पुसून तिने नवं लावलं. काचेच्या कडा रबराला घट्ट चिकटल्या होत्या. त्यांना हेअर ड्रायरने ऊब दिली आणि प्लास्टिकची पातळ पट्टी अलगद फिरवली. मग हँडल परत बसवलं. सासरे सीटवर बसून ते फिरवू लागले आणि ती उघड्या दाराशी उभी राहून, काच दोन्ही तळव्यांमध्ये धरून खाली रेटू लागली.

पहिली काच कुरकुरत बोटभर सरकली आणि थांबली. पुन्हा वर, पुन्हा खाली. असं बराच वेळ चाललं, आणि मग मात्र ती मुकाट्याने उतरली. दुसरी हट्टी निघाली. काही केल्या हलेना, आणि एकाएकी सटकली.

"पोरी, बोटं काढ!" सासरे ओरडले.

बोटं वाचली. वर्षभर त्यांनी तिला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. पूर्वी सूनबाई म्हणायचे, नंतर फोनवर नुसतंच 'मी बोलतोय' म्हणून सुरुवात करायचे. आपण आता काय म्हणालो हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या आलं. तिने मान वळवून उगाचच फडक्याला हात पुसले.

तिसरी काच उतरल्यावर दोघं मागच्या सीटवर चहा घेत बसले. तेव्हा तिने लग्नाचं सांगितलं. त्याचं कागदी खोक्यांचं छोटं वर्कशॉप आहे, बोलतो कमी, आणि तिला हसवतो.  सासऱ्यांनी एवढंच विचारलं, की मुलाला माहीत आहे का. तिने आधी त्यालाच कळवलं होतं, आणि त्याने शुभेच्छा दिल्या होत्या.

"बाबा, तुम्हाला वाईट वाटलं का?"

"वाटलं," ते म्हणाले. "तुझं चांगलं होतंय याचं नाही. तू आता इथे यायची नाहीस, असं वाटून गेलं."

 तिने कप खाली ठेवला आणि त्यांचा कापणारा हात आपल्या हातात घेतला. तो थांबला नाही. पण त्यांनी तो काढूनही घेतला नाही.

चौथ्या काचेने दोघांचा घाम काढला. ती एका बाजूला तिरपी होऊन अडकत होती. एकाने आतून आणि एकाने बाहेरून धरायला हवं होतं, शिवाय हँडलला वेगळा माणूस. ऊन कलल्यावर सासऱ्यांनी हँडल सोडलं.

"हे दोघांचं काम नाही," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी त्याला घेऊन ये."

"कुणाला?"

"खोकीवाल्याला. आणखी कुणाला?"

पुढच्या रविवारी तो आला. उंच, बुजलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. सासऱ्यांनी त्याला पाणी दिलं, शर्ट काढून ठेवायला सांगितलं आणि थेट आतल्या बाजूला बसवलं. ती बाहेरून, तो आतून, हँडलवर सासरे. पहिल्यांदा त्याने घाईघाईने रेटलं तेव्हा सासऱ्यांनी त्याला असं काही झापलं, की ती तोंड फिरवून हसली. परक्या माणसाला ते कधीच झापत नसत. तासाभराने काच खाली आली. काही क्षण तिघेही तशाच अवस्थेत राहिले आणि शेडमधला वारा गाडीतून आरपार जाऊ लागला.

हात धुताना सासऱ्यांनी त्याला विचारलं, गाडी चालवता येते का? तो ओशाळून नाही म्हणाला.

"शिकशील," ते म्हणाले, आणि टॉवेल त्याच्या हातात दिला.