हसणे मोजणारे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे आणि कोणी हसले की मला आधी संशय येतो. दोष माझ्या धंद्याचा. लंडनमध्ये बालकिशन नावाच्या दिग्दर्शकाने मला विकत घेतले. आधी नाटके, मग विनोदी चित्रपट, अशी त्यांची वीस वर्षे तिकडेच गेली. प्रेक्षक हसले की ते माझे बटण दाबत. खरे हसू रेंगाळत विझते, खोटे एकदम तुटते, हे मी तिथेच शिकले.

१९७३ साली ते जुन्या जालन्यात घरी आले. कापडाची पेढी सोडून नाटकासाठी पळालेल्या या मुलाशी त्यांची आई, लाडबाई, तेव्हापासून बोलल्या नव्हत्या. त्यांना एकदा हसवायचे, एवढ्यासाठीच हा खटाटोप होता.

एका दुपारी धर्मशाळेत त्यांनी बसवलेले विनोदी नाटक झाले. पुरुष पोट धरून हसत आणि सगळे एकदम थांबत. कुठेतरी पाणी मुरत होते. पाहते तर त्यांचे थोरले भाऊ किशनलाल दारातून पेढीच्या गुमास्त्यांना हसण्यासाठी डोळ्यांनी खुणावत होते. बायकांच्या बाजूला मात्र लाडबाईंसकट सगळ्यांचे नाकापर्यंत ओढलेले पदर, आणि हूं की चूं नाही.

"आईला बिलकुल आवडलं न्हाई," बालकिशन पुटपुटले. "उद्या परत जातो." मलाही तेच वाटले.

सकाळी ट्रंक भरून ते निघाले आणि स्वयंपाकघराबाहेर थबकले. आत लाडबाई सुनांना कालच्या नाटकातला प्रसंग सांगत होत्या, "मंग तो नवरदेव घोड्यावर उलटा बसला, अन् म्हणतो, मी बराबर हाय, घोडाच उलटा उभा राह्यला." आत हशा उसळला.

"मंग काल का न्हाई हसलात, सासूबाई?"

"माझे जेठ, तुमचे थोरले चुलतसासरे, समोर बसल्ते. थोरल्यांसमोर हसायची आपल्यात रीत हाय का? पदर तोंडात कोंबून गाल दुखून राह्यले माझे."

घरची रीत माझे धनी विलायतेत विसरून बसले होते. त्यांनी माझे बटण दाबले. एकीचे हसू विझले की दुसरीचे सुरू होई. तेवढ्यात लाडबाईंना दारात मुलगा दिसला.

"उभा काय राह्यला? बस. चहा घे."

मला थांबवायचे ते विसरूनच गेले. चावी संपेपर्यंत मी चालत राहिले.

महिन्याने लंडनला जाताना त्यांनी मला आईच्या हाती दिले. आज मी फडताळात धूळ खात पडले आहे, आणि याचे मला वाईट वाटते. मित्रांनो, गप्प बसलेल्या माणसाचा लगेच निकाल लावू नका. मी लावला होता. आणि कधी मला पुसायला घेतलेत, तर काच हलक्या हाताने पुसा. चावी मात्र देऊ नका. काटा जिथे थांबला आहे, तिथवर लाडबाईंचे हसू आहे.